सहावीच्या वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, वाशीच्या एपीएमसी मार्केटच्या आवारात एका निवृत्त शिक्षक-सभासदाने केलेले भाषण)



 आजचा विषय मी मागून घेतला आहे. चिटणीसांनी प्रथम ‘शिक्षण आणि समाजाची उन्नती’ असा विषय सुचविला होता. त्या विषयावर आपल्या स्मरणिकांतून आजवर इतके लिहून आले आहे, की माझ्या आणखी एका भाषणाने समाजाची उन्नती फारशी वाढेल असे मला वाटेना. म्हणून एका लहानशा आणि काहीशा रुक्ष गोष्टीविषयी बोलण्याची परवानगी मी घेतली. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकविण्याची पात्रता ज्यांच्यापाशी आहे, अशा आपल्या मुलींनी, सुनांनी आणि मुलांनी सहावी ते आठवीच्या वर्गांची पात्रता कशी मिळवावी, हा तो विषय होय.

आज रविवार आहे, बाजार बंद आहे, म्हणून आपण इतके जण एकत्र बसू शकलो. एरवी आपल्यापैकी निम्म्या घरांत रात्री दोनला दिवा लागतो. भाजीच्या गाड्या तेव्हा धक्क्याला लागतात. मुंबईतील घाऊक बाजार येथे येऊ लागले ते १९८० नंतर. भाजी आणि फळांचे बाजार १९९६ साली आले. त्यांच्या मागोमाग आपली कुटुंबेही मशीद बंदर आणि भायखळ्याच्या चाळी सोडून कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे येथे आली. कोणी माथाडी, कोणी मापाडी, कोणी गाळ्यावर मेहता. पाठीवरून गोणी वाहणाऱ्या बापाची एकच इच्छा असे, की मुलीने खडू हातात धरावा. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत ही इच्छा पुरी होईल असे वाटू लागले होते. बारावीला बरे गुण पडले की मुलीला डी.एड.ला घालावयाचे, दोन वर्षांत ती शिक्षिका होईल, असा हिशेब घरोघर मांडला गेला. पुढे २०१२ साली शासनाने भरती थांबविली आणि तो हिशेब फसला. २०१७ साली अभियोग्यता चाचणी सुरू झाली, तिच्यामागून ‘पवित्र’ प्रणालीतून भरती होऊ लागली, तोवर कितीक पदविका ट्रंकेच्या तळाशी गेल्या होत्या. ज्या मुलींना काम मिळाले त्यांतील पुष्कळ जणी खाजगी शाळांत तुटपुंज्या पगारावर पहिली-दुसरीला शिकवीत राहिल्या. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी बोलतो आहे.

प्रथम नियम सांगतो. काही देशांत शिक्षकाला परवाना असतो. अमेरिकेत तो त्या त्या राज्याचे शासन देते, आणि प्राथमिकचा परवाना असलेल्यास विषयाची परीक्षा देऊन वरच्या वर्गांचा एखादा विषय त्या परवान्यावर जोडून घेण्याची सोय अनेक राज्यांत आहे. आपल्याकडे परवाना हा शब्द नाही, पात्रता हा शब्द आहे. पण वस्तू तीच. या बाजारात हे समजावून सांगावयास नको. कांद्याच्या आडतीचा परवाना खिशात घालून कोणी मसाल्याच्या बाजारात गाळा उघडीत नाही.

पूर्वी असे नव्हते. माझ्या आजोबांच्या पिढीत मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला मनुष्य शाळेत मास्तर होई आणि काही वर्षांनी सातवीलाच शिकवी. त्या मास्तरांच्या हाताखाली चांगली माणसे घडली हे मला मान्य आहे. परंतु त्यावरून कोणी असे म्हणू लागले, की ज्याला पाचवी शिकविता येते त्याला सातवीही येतेच, तर ते मला मान्य नाही. का नाही ते पुढे सांगेन.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने प्राथमिक शिक्षणाचे दोन भाग स्पष्ट केले, पहिली ते पाचवी आणि सहावी ते आठवी. वरच्या भागात प्रत्येक वर्गास निदान एक शिक्षक असावा, आणि त्या शिक्षकांत विज्ञान-गणितासाठी एक, सामाजिक शास्त्रांसाठी एक व भाषांसाठी एक, असे असावेत, ही अट त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. म्हणजे खालच्या वर्गात शिक्षक मुलाचा असतो, वरच्या वर्गात तो विषयाचाही असावा लागतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीस मध्य स्तर असे वेगळे नाव देऊन तेथे विषयशिक्षकांचाच आग्रह धरला आहे.

आता या वरच्या भागासाठी काय लागते? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी ज्या किमान अर्हता प्रसिद्ध केल्या, त्यांत एक वाट अशी आहे : कला किंवा विज्ञान शाखेची पदवी आणि प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका. ही पदविका म्हणजेच आपले डी.एड., जिला पुढे डी.टी.एड. म्हणू लागले आणि आता डी.एल.एड. म्हणतात. पदवी, पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर, एवढे झाले की सहावी ते आठवीची पात्रता पुरी होते. बी.एड. लागत नाही. हे वाक्य मी पुन्हा म्हणतो, कारण यावर आपल्या घरांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. डी.एड. झालेल्या सुनेला सातवीस शिकविण्यासाठी बी.एड. केलेच पाहिजे, असे कोणीतरी सांगतो, आणि नवरा पतपेढीचे कर्ज काढून दूरच्या जिल्ह्यात तिचे नाव घालतो. नववी-दहावीस शिकवावयाचे असेल तर बी.एड. अवश्य करावे, नोकरीत असलेल्या प्राथमिक शिक्षकांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा तसा अभ्यासक्रमही आहे. पण आठवीपर्यंत जावयाचे तर प्रथम पदवी पुरी करावी.

याची उलट बाजूही लक्षात ठेवण्याजोगी आहे. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांस पहिली ते पाचवीस शिकविण्याची मुभा मिळाली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी ती रद्द ठरविली. खालची पात्रता वर चालत नाही तशी वरचीही खाली चालत नाही. लहान मुलास पहिले अक्षर गिरवावयास शिकविणे ही स्वतंत्र विद्या आहे, हे न्यायालयाने मान्य केल्यासारखे झाले. मला त्या निकालाने मनापासून समाधान वाटले. पहिलीची बाई म्हणजे कमी शिकलेली बाई, अशी जी समजूत आपल्या लग्नाच्या बैठकांतूनसुद्धा ऐकू येते, ती सोडून द्यावी. सहावीकडे जाणे ही बढतीची पायरी मानण्यापेक्षा दुसऱ्या कामाची तयारी मानणे अधिक योग्य होईल.

पात्रता परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. २०१३ साली ती प्रथम झाली. पहिला पेपर पाचवीपर्यंतचा, दुसरा सहावी ते आठवीचा. दुसऱ्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३० गुण, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका गटाचे. एकूण १५० गुण, १५० प्रश्न, वेळ अडीच तास. उत्तीर्ण होण्यास शेकडा ६० गुण, म्हणजे ९० पाहिजेत. आरक्षित प्रवर्गांस ५५ टक्के. पेपर सोपा नाही. बसणाऱ्या शंभरांतून उत्तीर्ण होणारे थोडे असतात. पूर्वी या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती, २०२१ च्या निर्णयाने ते आजन्म चालणारे झाले.

या परीक्षेला आडवाटाही निघाल्या होत्या. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी उघडकीस आणलेल्या गैरव्यवहारानंतर साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. घरातली दोन-चार लाखांची रक्कम कोणा मध्यस्थाच्या हाती देऊन गुण वाढवून घेऊ पाहणारा मनुष्य आपल्या ओळखीत कोणी असेल, तर त्याला आजच घरी बोलावून समजवा. यापेक्षा अधिक मी बोलत नाही.

जे नोकरीत आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. २०१० पूर्वी लागलेल्यांस ही परीक्षा नको, अशी समजूत बरीच वर्षे होती. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट आणि महाराष्ट्र शासन या प्रकरणात, वेगळा निकाल दिला. ज्यांच्या सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी; ज्यांस पाच वर्षांहून कमी उरली आहेत ते सेवेत राहू शकतील, पण परीक्षेवाचून त्यांस बढती नाही. पन्नाशीला आलेल्या शिक्षकाने नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून परीक्षा द्यावी काय, यावर पुष्कळ वाद आहे. मला त्या शिक्षकांविषयी सहानुभूती वाटते. तथापि अभ्यास पुढे ढकलण्यास सहानुभूती हे कारण पुरत नाही.

आता मघाशी राखून ठेवलेल्या मुद्द्याकडे येतो. तो माझ्या स्वतःच्या चुकीचा आहे.

मी डी.एड. होऊन याच परिसरातील एका शाळेत लागलो. पाच-सहा वर्षे चौथीला शिकविले आणि बरे शिकविले, असे पालक म्हणत. १९८७ साली सातवीचे शिक्षक बदलून गेले आणि ‘तात्पुरती व्यवस्था’ म्हणून सातवीचा वर्ग मजकडे आला. ही तात्पुरती व्यवस्था नऊ वर्षे टिकली. माझे स्वतःचे गणित दहावीला सुटले होते. मी पुस्तकाच्या पुढे एक पान राहून शिकवीत असे.

एके दिवशी ऋण संख्यांचा गुणाकार चालला होता. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, असे मी फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचा बाप कांदा-बटाटा बाजारात टोळीत होता. तो म्हणाला, “गुरुजी, दोन उधाऱ्या मिळून जमा कशी होईल?” प्रश्न फार चांगला होता. मजपाशी उत्तर नव्हते. आणि उत्तर नाही हे सांगण्याचे धैर्यही नव्हते. मी म्हणालो, “नियम आहे, पाठ कर. आणि खाली बस.” वर्ग हसला. तो खाली बसला, आणि त्यानंतर माझ्या तासाला तो पुन्हा उठल्याचे मला आठवत नाही.

उत्तर मला सात-आठ वर्षांनी मिळाले. विज्ञानाची पदवी घेतलेले एक सहकारी आमच्या शाळेत आले होते. मधल्या सुट्टीत चहा घेताना मी तो प्रसंग सांगितला. खिडकीतून रस्त्यावर उभी असलेली एक मालगाडी दिसत होती आणि हमाल ती उतरवीत होते. ते म्हणाले, “या गाडीतून तासाला ३० गोण्या उतरतात असे धरा. म्हणजे गाडीतला माल तासाला उणे ३०. आणखी दोन तासांनी काय होईल? ६० गोण्या कमी. दोन गुणिले उणे ३०, उणे ६०. आता मागे चला. दोन तासांपूर्वी, म्हणजे उणे दोन तासाला, गाडीत आत्तापेक्षा किती माल होता?” मी म्हणालो, “६० गोण्या जास्त.” ते म्हणाले, “मग झाले. उणे दोन गुणिले उणे ३०, अधिक ६०.”

बंधूंनो, त्या मुलाने आपल्या बापाला अशा हजार गाड्या उतरविताना पाहिले होते. सबंध वर्गात हे उत्तर सर्वांत लवकर त्यालाच समजले असते. तोपर्यंत तो नववीतून शाळा सोडून टोळीत गेला होता. त्याला कारणे अनेक होती, घरची होती, पैशाची होती. पण पुढे एकदा बाजारात भेटला तेव्हा त्याने स्वतः जी कारणे सांगितली, त्यांत ‘गणित सुटत नव्हते’ हे एक होते. मी गप्प राहिलो.

चौथी शिकविण्यास जे लागते ते मजपाशी होते. मुलाला काय येत नाही हे मला कळत असे. पण सातवीतला मुलगा ‘का’ विचारतो, आणि त्याच्या ‘का’चे उत्तर पुस्तकाच्या पुढे एक पान राहून देता येत नाही, त्यासाठी पुस्तकाच्या पुष्कळ मागे आणि पुष्कळ पुढे जाऊन आलेले असावे लागते. पदवीची अट, दुसऱ्या पेपरातले ते ६० गुण, हे सारे शेवटी याचसाठी आहे. कागदाने हे साधतेच असे मी म्हणत नाही. मी स्वतः पस्तिशी उलटल्यावर मुक्त विद्यापीठातून मराठी व इतिहास घेऊन बी.ए. झालो. पदवी हाती आली तेव्हा मुख्याध्यापकांनी गणित मजकडेच ठेवावयाचे म्हटले. मी हात जोडून ते सोडले आणि भाषा व इतिहास मागून घेतले. निवृत्त होईपर्यंत तेच विषय शिकविले. नोकरीत केलेल्या दोन-चार बऱ्या गोष्टींत मी ही धरतो.

म्हणून विषय निवडताना एक विनंती आहे. नोकरी आणि घर सांभाळून पदवी घ्यावयाची, तर कला शाखा सोयीची पडते, कारण विज्ञानाला प्रयोगशाळा लागते, ती काही स्वयंपाकघरात मांडता येत नाही. परिणाम असा, की डी.एड. होऊन पुढे पदवीधर झालेल्यांत भाषा आणि इतिहासवाले पुष्कळ, गणित-विज्ञानवाले थोडे. ज्या मुलींनी बारावी विज्ञानातून केली आहे आणि ज्यांचे वय अजून कॉलेजचे आहे, त्यांना घरच्यांनी नोकरीची घाई न लावता बी.एस्सी. पुरी करू द्यावी. सातवीच्या वर्गांना त्यांची फार गरज आहे. आणि ज्यांना गणित आवडत नाही त्यांनी केवळ जागा रिकामी आहे म्हणून तिकडे जाऊ नये, एवढे माझ्या उदाहरणावरून घ्यावे.

आता घरच्यांशी बोलतो. आपल्याच मंडळातील एक सूनबाई आहेत, त्यांची परवानगी घेऊन सांगतो. डी.एड. झालेल्या, पहिला पेपर उत्तीर्ण, एका खाजगी शाळेत दुसरीला शिकवितात. पदवीच्या शेवटच्या वर्षास आहेत. नवरा भाजीच्या बाजारात. तो रात्री दीडला उठतो, दोनला जातो. त्याचा चहा करून दिल्यावर त्या परत झोपत नाहीत, साडेचारपर्यंत वाचतात. साडेचारला पाणी येते. मी विचारले, दुपारी का वाचीत नाही? त्या हसल्या. दुपारी शाळेतून आल्यावर बाजारातून आलेले माणूस घरात झोपलेले असते, एकच खोली, दिवा लावता येत नाही आणि भांडे वाजविता येत नाही. कोणाची तक्रार करण्यासाठी त्यांनी हे सांगितले नाही. सासूबाई चांगल्या आहेत, नवरा चांगला आहे. फक्त पुस्तक उघडण्यास जागा नाही.

आणि येथे मला आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीकडे वळावे लागते. कार्यकारिणीने राग मानू नये. निधीच्या नियमात शब्द आहेत : ‘दहावी व बारावीच्या परीक्षेत विशेष गुण मिळविणाऱ्या सभासदांच्या पाल्यांस’. हा नियम केला तेव्हा मीही समितीत होतो, तेव्हा दोष माझाही आहे. पण सांगा, ही सूनबाई कोणाची पाल्य? बाप सभासद आहे तो गावाकडच्या शाखेचा, तेथे निधी नाही. येथे सभासद आहे तो सासरा, आणि सून ही पाल्यात बसत नाही, असे मागच्या वर्षी एका अर्जावर आपण लेखी उत्तर दिले आहे. अर्ज होता मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा शुल्काचा. रक्कम किती, तर आपण संमेलनाच्या फेट्यांवर खर्च करतो त्याहून कमी. दहावीला ९० टक्के मिळविणाऱ्या मुलाचा सत्कार आपण करतो, तो केलाच पाहिजे. परंतु त्या मुलाला वाटा पुष्कळ आहेत. अडतिसाव्या वर्षी रात्री दोन ते साडेचार वाचणाऱ्या बाईला वाट एकच आहे, आणि तिच्या वर्गातून पुढे तीस-चाळीस मुले दरसाल जाणार आहेत.

म्हणून मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत, त्या वार्षिक सभेपुढे याव्यात. एक, नियमातील ‘पाल्यांस’ या शब्दाऐवजी ‘कुटुंबीयांस’ हा शब्द घालावा आणि पदवी व पात्रता परीक्षेचे शुल्क निधीतून देता यावे, वयाची अट न ठेवता. दुसरी, मंडळाच्या कार्यालयाची मागची खोली दुपारी एक ते पाच अभ्यासासाठी मोकळी करावी. तेथे सध्या मागील संमेलनांचे फलक आणि मोडक्या खुर्च्या आहेत. बाजारातील मंडळी झोपलेली असतात ती हीच वेळ, म्हणून वेळ मी मुद्दाम हीच सुचविली आहे. दुसऱ्या पेपरातील भाषा आणि सामाजिक शास्त्रे हे भाग आठवड्यातून दोन दिवस मी शिकवीन. गणित-विज्ञान मी शिकविणार नाही, हे आता आपल्या लक्षात आलेच असेल. त्यासाठी मघाशी उल्लेख केलेल्या त्या सहकाऱ्यांस विचारले आहे, तेही आता निवृत्त आहेत आणि शनिवारी येण्यास तयार आहेत.

खुर्च्या हलविण्यास तरुण मंडळाच्या पाच-सहा जणांनी होकार दिला आहे. सतरा जणींनी आणि चार जणांनी नावे दिली आहेत. खोलीची किल्ली दुपारी कोणाकडे राहील, एवढेच ठरावयाचे उरले आहे, तेवढे चिटणीसांनी आज सभा संपण्यापूर्वी सांगावे.